बालगृहात काळजीवाहक: पावसाळ्याच्या तोंडावर रुजू होताना काय तयारी करावी?

सुरंगी
सिंधुदुर्गातल्या एका बालगृहात १५ जूनपासून गृहमाता म्हणून रुजू व्हायचं आहे. मुली २८, वय ६ ते १५. आठवड्यातून चार रात्रपाळ्या. प्रशिक्षणाचे कागद मिळालेत, त्यात कायदा आणि कलमं व्यवस्थित आहेत. पण पहाटे तीनला एखादी मुलगी ओल्या गादीवर उठून बसली तर नेमकं काय करायचं, ते त्यात नाही. या कामातल्या लोकांनी कृपया सांगावं. किरकोळ वाटलं तरी लिहा.

खाडीकाठ
सुरंगीताई, तुम्ही विचारलंय तिथूनच सुरुवात करते.

प्रत्येक गादीला रेक्झिनचं कव्हर हवं, त्यावर सुती चादर. कव्हर नसलेली गादी एकदा भिजली की जुलै-ऑगस्टात वाळत नाही, आणि तो वास त्या मुलीच्या नावावर जातो. रात्रीसाठी चादर, चड्डी, गाऊन आणि पंचा अशा जोडांची गाठोडी बांधून ठेवायची. २८ मुलींमागे दहा तरी असावीत. ती निजायच्या खोलीबाहेरच्या कपाटात ठेवा. कार्यालयाच्या कुलपात असतील तर पहाटे तीनला उपयोग शून्य.

आता प्रत्यक्ष कृती. मोठा दिवा लावू नका. बॅटरीचा झोत जमिनीवर ठेवा, तोंडावर नको. तिचं नाव कानाशी हळू घ्या आणि "चादर बदलूया" एवढंच म्हणा. आधी सांगायचं, मग हात लावायचा, हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नका. यातल्या बऱ्याच मुलींना झोपेत अंगाला हात लागला की दचकायची सवय असते आणि त्याला कारण असतं. ती बाथरूममध्ये जाऊन स्वतः कपडे बदलेल, तुम्ही दाराबाहेर थांबा. परत आल्यावर चादर चारी कोपऱ्यांनी आत दुमडून ओला भाग मध्ये घेऊन उचला, झाकणाच्या बादलीत टाका. रेक्झिन ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि नवी चादर घाला. सवय झाली की पाच मिनिटांत होतं. "परत केलंस?" हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत.

सकाळचं काम जास्त महत्त्वाचं. दोरीवर एकच चादर दिसली की शाळेची बस यायच्या आधी सगळ्या घराला कळतं. म्हणून त्या चादरीसोबत रोज पाळीपाळीने आणखी पाच-सहा कोरड्या चादरी धुवायच्या.

आधी नीट कोरडी झोपणारी मुलगी अचानक अंथरूण ओलं करायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, खूप पाणी पिऊन वारंवार लघवी होत असेल तर मधुमेह, हे सगळं तपासून घ्यावं लागतं. त्याच आठवड्यात कोण भेटायला आलं होतं, शाळेत काय झालं, हेही समुपदेशकांबरोबर बसून बघा.

रेवस_जेटी
खाडीकाठशी सहमत, एक भर. रात्री अकराला सगळ्यांना उठवून संडासाला नेलं की निम्मा त्रास वाचतो.

खाडीकाठ
सगळ्यांना उठवू नका. ज्यांना गरज नाही त्यांची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे मिटतात. उठवून नेल्याने चादर कोरडी राहते एवढंच, सवय काही सुटत नाही. गाद्या वाळत नाहीत म्हणून पावसाळ्यात ज्या तीन-चार जणींना गरज आहे त्यांना उठवायचं असेल तर पूर्ण जागं करा, स्वतःच्या पायाने चालू द्या. झोपेत धरून नेलं तर काही उपयोग नाही.

आणि ताई, रुजू झाल्यावर एकदा अंधारात निजायच्या खोलीपासून संडासापर्यंत स्वतः चालून बघा. मध्ये पडवी ओलांडावी लागते का? वीज गेली की काय दिसतं? आपल्याकडे पावसाळ्यात पायरीवर बेडूक, फुरसं (विषारी साप) काहीही असू शकतं. कित्येक मुली भीतीने जात नाहीत, आणि आपण त्याला आजार समजतो. इन्व्हर्टरवर चालणारा एक दिवा तिथे कायमचा हवा.

आंबाघाट_सिस्टर
खरजेबद्दल लिहिते, कारण जुलैत ती येतेच, आणि बहुतेक ठिकाणी उपचार अर्धवट होतात.

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत बारीक पुटकुळ्या आणि रात्री वाढणारी खाज ही खूण. एकीला झाली म्हणजे घराला झाली असं धरायचं. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन ५ टक्के मलम देतात. ३० ग्रॅमची नळी मोठ्या माणसाला एक, ६ ते १२ वर्षांच्या मुलीला साधारण अर्धी. समजा बारापर्यंतच्या १६ मुली, त्यावरच्या १२ आणि कर्मचारी ५: म्हणजे ८ अधिक १२ अधिक ५, एका वेळी २५ नळ्या. सात दिवसांनी दुसरी फेरी लागते, म्हणून ५०. हा हिशेब करून चिठ्ठी आधीच घ्या. दुसऱ्या फेरीला औषध संपलं की पहिलीही वाया जाते.

एकाच संध्याकाळी सगळ्यांना लावायचं, न खाजणाऱ्यांनाही आणि स्वतःलाही. दुपारी नखं कापा, जेवण आधी उरका. अंग कोरडं आणि थंड असताना मानेपासून तळव्यापर्यंत लावा. नखांखाली, बेचक्यात, कमरेच्या घडीत चुकतं. मोठ्या मुलींना खासगी भाग स्वतः लावू द्या, आधी तोंडी नीट समजावून. ८ ते १२ तास ठेवून सकाळी अंघोळ. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं.

त्याच सकाळी चादरी, पंचे, कपडे उकळत्या पाण्यातून काढा. ऊन नसेल आणि गोधड्या वाळणार नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. तीन दिवसांत किडा मरतो, मी सात दिवस सांगते. औषधानंतर खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तेवढ्यासाठी मलम पुन्हा पुन्हा चोपडू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

पू झालेल्या पुटकुळ्या असतील तर आधी डॉक्टर. त्यानंतरच्या दिवसांत तोंड सुजलं किंवा लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, त्यात मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

उवांसाठी केस भादरू नका. औषध लावा, बारीक फणीने विंचरा, सात ते दहा दिवसांनी पुन्हा. टक्कल केलेली मुलगी शाळेत वर्षभर "बोर्डिंगातली" म्हणून ओळखली जाते.

माडाची_सावली
कपड्यांचा मुद्दा सिस्टरनी अर्धाच सोडला. पावसाळ्यात प्रत्येकीला चड्डीचे पाच जोड लागतात, तीनात भागत नाही. ओलसर चड्डी घातली की जांघेत गजकर्ण ठरलेलं. पडवीत भिंतीपासून हातभर दूर दोऱ्या बांधा, आणि रात्री स्वयंपाकघराची ऊब वाया घालवू नका. शाळेला निघताना दमट वाटलं तर इस्त्री फिरवा. पाळीचे कापडी पॅड वापरणाऱ्या मुलींना वाळत घालायला आडोशाची पण वारा लागणारी जागा द्या, नाहीतर त्या गादीखाली ठेवतात.

कपड्यांवर नंबर घालू नका. नाव घाला. लिहिता न येणाऱ्या लहान मुलींसाठी रंगीत दोऱ्याचा टाका, प्रत्येकीचा रंग वेगळा. सहा वर्षांची मुलगी आपला हिरवा टाका दोन दिवसांत ओळखते. "सतरा नंबर" म्हणून तिला हाक मारली जाऊ लागली की सवय मोडायला फार वेळ जातो.

कुळथाची_पिठी
स्वयंपाकाचं माप. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलामागे रोजचं प्रमाण दिलंय: धान्य ६०० ग्रॅम (१६ ते १८ वयाला ७००), डाळ-कडधान्य १२०, तेल २५, पालेभाजी १००, इतर भाजी १३०, दूध १५० मिली, आणि आठवड्यातून एकदा चिकन किंवा चार दिवस अंडी. २८ मुलींचं करा: डाळ ३ किलो ३६० ग्रॅम, तेल ७०० ग्रॅम, दूध ४ लिटर २०० मिली. हे आकडे कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. डाळ कुठे पातळ होतेय ते वाटीत बघून कळत नाही, कोठीच्या वजनातून कळतं. साठा नोंदवही रोज, काटा समोर ठेवून लिहा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी विसरा. अंडी, सुकट, कुळीथ, चवळी यांवर भर द्या. पुढे मासे सुरू झाले तरी सहा-सात वर्षांच्या मुलींना तारली देऊ नका, काटे फार. मोरीला (लहान शार्कला) बारीक काटे नसतात. बांगडा द्यायचा तर काटा काढून.

नवीन आलेली मुलगी पहिले दिवस खूप खाते आणि ओकते. ताट हिसकावू नका. थोडं थोडं, पण वरचेवर: सकाळी मऊ पेज, अकराला केळं, चारला लाडू. "अजून आहे, उद्याही आहे" हे तिला तोंडाने सांगा आणि भांडं दाखवा. पोरांका आधी पेज घाला, मगे काय ता इचारा.

सुरंगी
खूप मोलाचं मिळतंय. जेवण लपवून ठेवणाऱ्या मुलींचं काय करायचं? गादीखाली भाकरी, बिस्किटं, मग मुंग्या. अधीक्षिकाबाई म्हणतात झडती घ्यावी.

खाडीकाठ
झडती घेतलीत तर उद्या ती अशा ठिकाणी ठेवेल की तुम्हाला उंदीर दाखवतील. प्रत्येकीला झाकणाचा एक छोटा डबा द्या, नावाचा, तिच्या खणात. त्यात कोरडं काहीतरी ठेवायची मुभा: शेंगदाणे, चुरमुरे, खडखडे लाडू. भाजी-भात नाही. दर रविवारी ती स्वतः डबा धुईल, तुम्ही फक्त सोबत बसा. गादी उचलायची असेल तर ती समोर असताना, आणि आधी सांगून. उपाशी राहिलेल्या मुलीला साठा दिसणं हाच धीर असतो. काहींचं दोन महिन्यांत थांबतं, काहींना वर्ष लागतं.

रेवस_जेटी
इथे माझं मत वेगळं. डबा ठीक, पण एकीला दिला की २८ जणींना लागतो, आणि मोठ्या मुली लहानांचे डबे रिकामे करतात. खणाला कडी-कुलूप आणि किल्लीची दुसरी प्रत तुमच्याकडे, हे आधी करा, मग डबे वाटा.

खाडीकाठ
बरोबर आहे. कुलूप आधी.

ओरोस_फाटा
कायद्याची कलमं कागदात आहेत म्हणता, पण पाळीवर उपयोगी पडतील एवढीच सांगतो.

बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ८२: संस्थेत शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा केली तर पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड, पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नोकरीही जाते. उपाशी ठेवणं, ओणवं उभं करणं, रात्री खोलीबाहेर काढणं यातलं काहीही "जरा धाक" म्हणून चालत नाही. कलम ७५ मधल्या क्रूरतेला संस्थेच्या कर्मचाऱ्यासाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

मुलगी वस्तू फेकायला लागली तर काय? आधी इतर मुलींना खोलीबाहेर न्या. बघणारे कमी झाले की राग निम्मा उतरतो. तुम्ही दारात उभ्या राहू नका, तिची वाट मोकळी ठेवा. हातभर अंतर, आवाज खाली, वाक्य एकच: "मी इथेच आहे, बोलायचं तेव्हा बोल." प्रश्न विचारू नका. धरावं लागलंच तर स्वतःला किंवा दुसरीला इजा होण्यापासून रोखायला, तेवढाच वेळ, आणि दुसऱ्या कर्मचाऱ्यासमोर. अर्ध्या तासात नोंद लिहा: वेळ, आधी काय झालं, कोण होतं, कुठे धरलं, किती वेळ.

रात्रीच्या फेरीची नोंद फेरी झाली की लगेच. सकाळी सहाला एकाच पेनाने सगळ्या वेळा भरलेली वही तपासणीत पहिल्या पानावर ओळखू येते, आणि त्या रात्री खरोखर काही घडलं असेल तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही.

रोज सकाळी कुणी कुठल्या रंगाचा कपडा घातलाय तेही एका ओळीत लिहा. मुलगी निघून गेली तर पोलीस पहिल्यांदा हेच विचारतात. थांबून वाट बघू नका. अधीक्षिका, पोलीस ठाणे, बालकल्याण समिती (मुलींच्या काळजीचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) यांना लगेच कळवा, आणि एक माणूस एसटी स्टँडवर, एक रेल्वे स्टेशनवर, किनाऱ्याजवळ असाल तर एक जेटीवर पाठवा.

आंबाघाट_सिस्टर
औषधाच्या दोन चुका वारंवार होतात. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५०. मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलीला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० वालं ६ मिली किंवा १२५ वालं १२ मिली. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की दुप्पट किंवा निम्मं जातं. घरात एकच ताकद ठेवा. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. चमच्याने नको, मापाच्या टोपणाने.

दुसरं, ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत. पाकिटावर वाचून घ्या. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर ते औषध राहत नाही. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या.

पावसात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं दिसलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका घ्या, घरी दोन दिवस बघत बसू नका. शेतातून किंवा साचलेल्या पाण्यातून शाळेत जाणाऱ्या मुलींना गमबूट हवेतच. विहिरीचं पाणी असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातल्यावर तासभर थांबा आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी चाचणी) स्वतः बघा, "घातली" या शब्दावर विसंबू नका.

माडाची_सावली
गणपतीचं आत्ताच सांगते, कारण तेव्हा उशीर होतो. सुट्टीवर पाठवायचं तर बालकल्याण समितीची परवानगी लागते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९८ प्रमाणे रजा साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस सोडून. अर्ज, न्यायला येणाऱ्याचं ओळखपत्र, घरची पाहणी, हे सगळं श्रावणाच्या आधी सुरू करा. रत्नागिरी जिल्ह्यात तर मंडणगड-दापोलीकडून या कामासाठी रत्नागिरी गाठायला अर्धा दिवस जातो आणि चाकरमान्यांच्या गर्दीत तिकीटही मिळत नाही.

ज्यांना न्यायला कुणी येणार नाही त्यांना ते चार दिवस आधी स्पष्ट सांगा. "बघू, येतील कदाचित" असं म्हणून फाटकाकडे बघत बसवू नका. त्यांच्यासाठी काम ठरवा: मखर, मोदकाची उकड, आरतीचा ढोलकी-टाळ, आणि एकीला प्रसाद वाटायची जबाबदारी. परत आलेल्या मुली पहिले दोन-तीन दिवस चिडतात, भांडतात, पुन्हा चादरी ओल्या होतात. ते दिवस शाळेचा अभ्यास हलका ठेवा.

पाहुण्यांबद्दल थोडं. सणाला देणगीदार केक घेऊन येतात, फोटो काढतात. त्याच अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलींची ओळख प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फाटकावरच मोबाईल टोपलीत ठेवायला सांगा, सगळ्यांना सारखं. आणि देणगी विचारली तर "काहीही द्या" म्हणू नका. यादी द्या: गमबुटांचे माप, रेक्झिन कव्हर, इन्व्हर्टरची बॅटरी, मापवार चड्ड्या.

सुरंगी
एक अवघड प्रश्न. रात्री एखादी मुलगी जवळ येऊन "कुणाला सांगू नका" म्हणून काही सांगायला लागली तर?

ओरोस_फाटा
"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. म्हणा, "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून." मग ऐका. खोदून विचारू नका, कोण, कधी, कितीदा हे तपास करणाऱ्यांचं काम. तिचे शब्द जसेच्या तसे, तिच्याच बोलीत लिहा, शुद्ध मराठी करू नका. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. संशय संस्थेतल्याच माणसावर असेल तर त्याला विचारत बसू नका, थेट पोलीस आणि समिती. घटना नुकतीच असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा आणि मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, हे दोन्ही तुम्हाला माहीत असलं की तिथे ठामपणे बोलता येतं.

सुरंगी
शेवटचं विचारते. पहिल्याच आठवड्यात रात्री उशिरा पोलिसांनी नवीन मुलगी आणून सोडली तर?

खाडीकाठ
कागद बघा, अंगावर जखमा असतील तर वैद्यकीय तपासणी झाली आहे का विचारा. २४ तासांत तिला बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं, ते उद्याचं काम. आज रात्री गरम पेज किंवा दूध-भाकरी. अंघोळीची सक्ती नको, पाय धुवायला कोमट पाणी द्या. ती घालून आलेले कपडे कितीही मळके असोत, टाकू नका. धुवायचे तर तिला विचारून, आणि धुवून तिच्याच नावाच्या पिशवीत. कित्येकींकडे घरची तेवढीच वस्तू असते.

निजायच्या आधी तिला दोन जागा दाखवा: संडासाचा दिवा कुठे लागतो आणि रात्रभर तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसणार. पलंग भिंतीकडेचा द्या, दार दिसेल असा. आणि सकाळी तुमची पाळी सहाला संपत असेल तर ते आत्ताच सांगा: "तू उठशील तेव्हा मी नसेन, निळ्या साडीतली ताई असेल, मी परवा रात्री आठला येईन." आणि आठला या. एसटी चुकणार असेल तर फोन करून तिला निरोप पोचवा, कार्यालयाला नाही, तिला.